दोन वर्षांसाठी आलेली एस्लिन

एस्लिन केटो आमच्या घरी भाड्याने राहायला आली, त्या आठवड्यात मी साखरेच्या डब्याला कुलूप घातलं होतं. आज सांगायला लाज वाटते, पण सांगायला हवं. साल १९९१. मॉन्टसेराट बेटावर तेव्हा प्लिमथ शहर जागेवर होतं, आणि त्याच्या दक्षिणेला किन्सेलमध्ये आमचं घर होतं. मी प्लिमथच्या इस्पितळात स्वयंपाकाला होते. मोठ्या वादळात उडालेलं छप्पर आम्ही नव्याने घातलं होतं आणि मागची खोली रिकामी होती. मेट्रन म्हणाली, "डॉर्कस, गयानाहून एक नर्स येतेय. दोन वर्षांचा करार आहे. ठेवून घेशील?"

गयानाच्या लोकांबद्दल आमच्याकडे तेव्हा बरंच बोललं जायचं. बसायला स्टूल मागतात आणि खाट टाकतात, असं माझी मावशी म्हणायची. तिकडे सगळ्याचीच टंचाई होती, पगाराला काही किंमत उरली नव्हती, म्हणून तिकडची शिकलेली पोरं मिळेल त्या बेटावर निघून येत होती. शिकलेली असली तरी आम्ही त्यांच्याकडे भुकेली म्हणूनच बघायचो. म्हणून ते कुलूप.

ती आली ती एक तपकिरी सुटकेस आणि तांदळाची पिशवी घेऊन. बावीस वर्षांची, उंच, सडपातळ, पायात दुसऱ्या कुणाचे तरी मोठे बूट.

मी म्हटलं, "तांदूळ कशाला आणलास? इथे मिळतो."

"मिळत असेल. शिजवता येतो का तुम्हाला, ते बघायचंय," ती म्हणाली.

कुलूप तिने दुसऱ्याच दिवशी पाहिलं असणार. रविवारी चहा करताना माझ्या म्हाताऱ्या आईला तिने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मिस हेन्रीएटा, तुमच्याकडची साखर पळून जाते का हो?" आई हसता हसता खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली. मी संध्याकाळी कुलूप काढलं. शनिवारी आमच्याकडे गोट वॉटर होतं, बोकडाचा रस्सा. एस्लिनने ताटलीत बघितलं आणि म्हणाली, "याला पाणी म्हणता? मग पाण्याला काय म्हणता?" पण तीनदा वाढून घेतलं.

तिचं गाव न्यू अ‍ॅमस्टरडॅम, बर्बीस नदीच्या काठचं. वडील नव्हते. आई, मिस उना, तिथल्या बाजारात केळी आणि कंद विकायची. एक धाकटा भाऊ. निघताना नदीच्या धक्क्यावर आई फार रडायला लागली, तेव्हा एस्लिनने तिला सांगितलं होतं, "दोन वर्षं, आई. फक्त दोन. जरा घर नीट करण्यापुरतं कमावते आणि येते." दर चार महिन्यांनी ती एक पिंप भरून पाठवायची. साबण, पीठ, तेल, भावाची वह्या-पुस्तकं, आईला मोजे. मोजे कशाला, मी विचारलं. बर्बीसला घाम येतो तो थांबत नाही. ती म्हणाली, "आई बाजारात मोजे घालून बसते. मुलगी परदेशात आहे हे दिसलं पाहिजे ना."

दोन वर्षं झाली. करार वाढला. १९९३च्या नाताळात ती तीन आठवडे घरी जाऊन आली आणि आईला म्हणाली, आणखी दोन वर्षं. तेव्हा तिच्याजवळ कारण होतं. कारणाचं नाव क्लेमंट रायली.

क्लेमंट डोंगराच्या पूर्वेच्या उतारावर शेती करायचा. गाजरं, कोबी, कांदे. दर मंगळवारी तो इस्पितळाच्या स्वयंपाकघरात माल घेऊन यायचा. चौतिशीचा, कमी बोलणारा. बायको सेंट थॉमस बेटावर कामाला गेली आणि तिथेच तिने दुसरा संसार थाटला. चार वर्षांची मुलगी मागे राहिली होती, टमिका. मंगळवारी तिला सांभाळायला कुणी नसायचं, म्हणून तो तिला सोबत आणायचा आणि ती माझ्या टेबलाखाली बसून वाटाणे सोलायची.

एस्लिन एकदा रुग्णाची पेज न्यायला आली तेव्हा क्लेमंटने विचारलं, "नर्सबाई, तुमच्या गयानात गाजरं होतात का?"

"होतात. पण आमच्याकडे गिऱ्हाइकाला धुऊन देतात. मातीसकट विकत नाहीत."

पुढच्या मंगळवारी दोन पोती गाजरं आली. एकेक गाजर धुतलेलं. मी क्लेमंटकडे बघितलं, तर तो छताकडे बघत होता.

टमिकाला एस्लिन म्हणता येईना. ती एली म्हणायची. पहिल्या वर्षी एली तिच्या वेण्या घालायची, दुसऱ्या वर्षी तिला शाळेत सोडायची. १९९४मध्ये एस्लिन आमच्याकडून सामान उचलून क्लेमंटच्या घरी राहायला गेली, तेव्हा माझी आई तिला म्हणाली, "लग्न करून जा, पोरी. पाद्री काय पैसे मागतो का?"

"करणार आहे, मिस हेन्रीएटा. पण माझी आई आल्याशिवाय नाही. तिची एकुलती एक मुलगी मी."

मिस उनाला विमानाची भीती. आधी म्हणाली, ईस्टरला येते. मग म्हणाली, नाताळला. मग १९९५च्या डिसेंबरची तारीख ठरली. एस्लिनने कापडही आणलं होतं.

त्या जुलैत डोंगराने धूर सोडला. आमच्या पणज्यांच्या आठवणीतही तो कधी जागा झाला नव्हता. पहिल्यांदा राख पडली तेव्हा भर दुपारी दिवे लावावे लागले, आणि कोंबड्या झोपायला गेल्या. आम्हाला उत्तरेला हलवलं, परत आणलं, पुन्हा हलवलं. १९९६च्या एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा हलवलं ते कायमचं. मी चुलीवर भिजवलेल्या डाळीचं पातेलं तसंच ठेवून आले होते. वाटलं, चार दिवसांत परत येऊ.

उत्तरेला एका शाळेच्या वर्गात आम्ही बावीसजण राहत होतो. फळ्याखाली माझी आई, तिच्या शेजारी मी, मग एस्लिन आणि टमिका एका खाटेवर. पुरुष बाहेर तंबूत. एस्लिनला निवाऱ्यातल्या म्हाताऱ्यांचं काम दिलं होतं. ज्यांची मुलं अँटिग्वाला, इंग्लंडला निघून गेली होती अशी म्हातारी माणसं. ती त्यांना उचलायची, धुवायची, त्यांच्या शिव्या खायची. एक म्हातारी तिला रोज म्हणायची, "ए गयाना, तुझे हात थंड आहेत." ती म्हणायची, "मग तुमच्या मुलाला बोलवा गरम हातांचा."

मी तिला एकदा म्हटलं, "इथेच उरकून घ्या की लग्न. पाद्रीही पलीकडच्याच खोलीत झोपतो."

"बावीस खाटांच्या मध्ये? लोकांची अंतर्वस्त्रं वाळत घातलीत त्याखाली?" ती हसली. "थांब जरा. घर मिळू दे. आई येऊ दे."

क्लेमंट अजूनही शेतावर जायचा. तो भाग बंद केलेला होता, पण निवाऱ्यांमध्ये माणसं डब्यातलं खाऊन कंटाळली होती, आणि भाजी हवीच होती. जाणारे बरेच होते. सगळ्यांना ठाऊक होतं, सगळे गप्प होते. एस्लिन रोज भांडायची. तो म्हणायचा, "एवढे कांदे काढतो आणि बंद करतो."

२५ जून १९९७, बुधवार. दुपारी एकच्या सुमाराला डोंगराकडचं आभाळ काळं झालं. गडगडाट मोठा नव्हता. एस्लिन एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम धूत होती. बाहेर लोक पळायला लागले, नावं ओरडायला लागले. तिने पट्टी पूर्ण गुंडाळली, गाठ मारली, हात धुतले, आणि मग रस्त्यावर आली. संध्याकाळपर्यंत आम्ही तिथे उभ्या होतो. काही माणसं भाजलेल्या पायांनी चालत आली. क्लेमंट आला नाही. पुढच्या दिवसांत काहीजणांची प्रेतं सापडली, त्याचं सापडलं नाही. त्याचं शेत राखेखाली किती खोल गेलं, हेही कुणाला सांगता आलं नाही.

प्रार्थना झाली, पण पुरायला काही नव्हतं. टमिका दहा वर्षांची होती. तिने मला विचारलं, "मिस डॉर्कस, डॅडी कुठल्या बाजूला आहे?" मी नुसता डोंगराकडे हात केला.

गयानाहून निरोपावर निरोप आले. मिस उना शेजाऱ्याच्या फोनवर रडत होती. "नवरा नव्हता, मूल नव्हतं. आता तिथे काय आहे तुझं? ये घरी." एस्लिन म्हणाली, "मूल आहे, आई."

ऑगस्टमध्ये प्लिमथ जळालं. विमानतळ आधीच बंद पडला होता. ज्यांना जायचं आहे त्यांना इंग्लंडला नेऊ, असं जाहीर झालं आणि अर्ध्याहून अधिक बेट रांगेत उभं राहिलं. टमिकाला राखेचा खोकला जडला होता. बोलताना मध्येच थांबायची, ओठ निळसर व्हायचे. डॉक्टरने एस्लिनला बाजूला घेऊन सांगितलं की ही मुलगी इथे नको. क्लेमंटची बहीण बेरिल इंग्लंडात लेस्टरला राहत होती. तिचं पत्र आलं: पोरीला पाठवा, शाळा आहे, डॉक्टर आहे.

एस्लिन म्हणाली, "दोघी जाऊ."

इंग्लंडला जाणाऱ्यांची नावं घेत होते त्या कचेरीत ती चार वेळा गेली. चौथ्या वेळी मी सोबत होते. पाद्र्याचं पत्र नेलं होतं, शाळेच्या बाईंचं नेलं होतं. टेबलामागच्या माणसाच्या खांद्यावरही राख होती.

"वडिलांशी लग्न झालं होतं का?"

"ठरलं होतं."

"मुलीची पालक म्हणून कागद?"

"नाही. पण ती चार वर्षांची होती तेव्हापासून..."

"पासपोर्ट गयानाचा. इथे करारावर." त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, मी स्वतः तंबूत राहतो. माझी बायको परवाच्या बोटीने गेली. पण आज जे नियम माझ्यासमोर आहेत त्यात तुम्ही बसत नाही. मुलगी बसते."

मी म्हटलं, "अहो, ही तिची आईच आहे."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "कागदाला माहीत नाही."

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी, लिटल बे बंदराच्या धक्क्यावर टमिकाने बोटीत चढायला नकार दिला. रडली नाही, ओरडली नाही. एस्लिनच्या कमरेला हात घातले आणि तिथेच घट्ट उभी राहिली. मागे माणसांची रांग. खलाशी म्हणाला, बाई, लवकर करा.

एस्लिन खाली वाकली. "ऐक. मी पुढच्या बोटीने येते. आपलं सामान बांधायचं राहिलंय, म्हाताऱ्यांना कुणाच्या तरी ताब्यात द्यायचंय. तू पुढे हो. आपली खोली बघून ठेव."

"पुढच्या म्हणजे कुठल्या?"

"शुक्रवारच्या."

टमिकाने माझ्याकडे बघितलं. ती हुशार होती, तिला साक्षीदार हवा होता. मी मान हलवली. हो म्हणाले.

मग ती चढली. जाणाऱ्या एका बाईने तिचा हात धरला. बोट वळेपर्यंत एस्लिन हसत हात हलवत होती. नंतर ती धक्क्यावरच्या दोरखंडांवर बसली आणि तिला उठता येईना. मला आणि एका मच्छीमाराला मिळून तिला उचलावं लागलं.

पत्रं दर आठवड्याला यायची. एस्लिन ती मला वाचून दाखवायची. "खोली बघून ठेवली आहे. पलंग एकच आहे पण मोठा आहे. भिंतीकडची बाजू तुझी, कारण तुला वारा लागतो." पुढच्या पत्रात, "आत्या म्हणते बोटी उशिरा सुटतात. शुक्रवार कुठला ते लिही." मग, "इथे बर्फ पडला. तुझ्यासाठी ठेवला होता पण राहिला नाही."

मी म्हणायचे, "खरं लिहून टाक." ती पेन घ्यायची, लिहायची, फाडायची आणि शेवटी लिहायची की लवकरच येते. बेरिलने एकदा वेगळं पत्र पाठवलं, जरा कडकच: पोर रोज संध्याकाळी दारात उभी राहते, तिला अशी आशा लावून ठेवू नकोस. म्हणून एस्लिनने पुढचं पत्र लिहिलंच नाही. ईस्टरच्या सुमाराला टमिकाचं आलं. एका कागदावर तीनच शब्द होते. तू खोटं बोललीस.

त्यानंतर नाताळला कार्ड यायचं, आत्याच्या अक्षरात.

२०००च्या फेब्रुवारीत मिस उना गेली. निरोप दोन दिवसांनी पोचला. अँटिग्वाची बोट, मग विमान, मग दुसरं विमान, मग नदीवरची फेरी असं करत एस्लिन पोचली तेव्हा आईला मातीआड करून तीन दिवस झाले होते. आठवड्याभराने परत आली आणि माझ्या स्वयंपाकघरात बसली. निवाऱ्यातून आम्हाला तोवर लुकआउट वस्तीत लहानसं घर मिळालं होतं.

"बाजारातल्या बायका भेटल्या," ती म्हणाली. "आई त्यांना दर वर्षी सांगायची, एस्लिन पुढच्या वर्षी येणार. इतकी वर्षं झाल्यावर त्या चिडवायला लागल्या. उना, तुझी नर्स कासवाच्या पाठीवर बसून निघालीय का? आई त्यांच्याशी भांडली आणि आपली टोपली घेऊन बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तिथे गिऱ्हाईक नसतं. कचरा टाकतात तिथे. चार वर्षं तिथे बसली."

ती टेबलावरचे खरकटे कण बोटाने गोळा करत होती.

"आईला दोन वर्षं म्हटलं. पोरीला शुक्रवार म्हटलं. दोघींनीही धरून ठेवलं, डॉर्कस. आई भांडून बसली, पोर रुसून बसली. आता मला आईचं कळतं. पण आता कळून काय?"

वृद्धाश्रमाची नवी इमारत झाली. एस्लिन तिथे लागली. पुढे नियम बदलले, आणि इतकी वर्षं इथे काढल्यावर तिलाही इथलीच म्हणून कागद मिळाले. आता ती इंग्लंडला जाऊ शकत होती. टमिका तेव्हा एकोणीस वर्षांची. एस्लिनने पत्र पाठवलं, मी येऊ का, एवढंच विचारणारं. बेरिलचं उत्तर आलं की टमिका शिकायला दुसऱ्या गावी असते, पत्र तिला दिलं आहे. टमिकाचं उत्तर आलं नाही. मी म्हटलं, "जाऊन तर बघ. दारात उभी राहिलीस तर काय हाकलून देईल?"

"तेवढं करायला मला तोंड कुठे आहे?" ती म्हणाली.

एस्लिनचं पुढे कुणाशी जमलं नाही. एक गवंडी होता, चांगला माणूस, दोन वर्षं तिच्यासाठी मासे आणून देत होता. तिने मासे घेतले, शिजवले, त्याला वाढले आणि घरी पाठवलं. म्हाताऱ्यांची एक पिढी तिच्या हातावर गेली. त्यात माझी आईही. शेवटच्या महिन्यात आई मला ओळखत नव्हती, एस्लिनला ओळखायची. "गयाना, साखर पळाली का गं?" असं विचारायची आणि दोघी हसायच्या.

क्लेमंटच्या मरणाला वीस वर्षं झाली त्या जूनमध्ये टमिका आली. तीस वर्षांची, लेस्टरला शाळेत गणित शिकवणारी. वडिलांसारखी उंच आणि तशीच कमी बोलणारी. पाहुण्यांच्या लॉजवर उतरली होती. मी शनिवारी दोघींना जेवायला बोलावलं.

एस्लिन सकाळी सातपासून माझ्याकडे होती. तिने तीनदा ब्लाउज बदलला. टमिका आली, दारात थांबली, आणि हात पुढे केला.

"कशा आहात, मिस एस्लिन?"

एस्लिनने तो हात हातात घेतला. "बरी आहे. खोकला कसा आहे?"

"खोकला? तो केव्हाच गेला."

जेवताना टमिका छान बोलली. शाळेबद्दल, विमानाबद्दल, उन्हाबद्दल. "थँक यू, मिस एस्लिन," "नको, पुरे, मिस एस्लिन." दोनला एस्लिन कामावर गेली. म्हाताऱ्यांना वेळेवर औषध द्यायचं असतं. टमिका भांडी पुसायला थांबली.

ताटली पुसता पुसता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मिस डॉर्कस, तिला म्हातारे माझ्यापेक्षा जवळचे होते का? आत्या म्हणायची, काही माणसांना कामच प्रिय असतं."

एस्लिनने माझ्याकडून वचन घेतलं होतं की बोलायचं नाही. पण धक्क्यावर मान मी हलवली होती. वीस वर्षं त्या होकाराचं ओझं माझ्या मानेवर होतं. मी नळ बंद केला आणि सगळं सांगितलं. चार वेळा कचेरी, पाद्र्याचं पत्र, टेबलामागचा माणूस, दोरखंडांवर बसलेली एस्लिन.

टमिका कितीतरी वेळ तीच ताटली पुसत राहिली.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू बोटीत चढली नसतीस."

"नसतेच चढले."

"मग?"

"मग मी इथेच मेले असते, असंच ना?" ती खाली बसली. "मी बारा वर्षांची होईपर्यंत पलंगाच्या एकाच बाजूला झोपायचे. नंतर एके दिवशी मुद्दाम मधोमध झोपले."

ती तशीच उठली आणि वृद्धाश्रमाकडे चालत गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला दोघींनीही कधी सांगितलं नाही. मंगळवारी टमिका परतली. नव्या विमानतळावर तिने एस्लिनला मिठी मारली, बराच वेळ. मला वाटलं, झालं, मी चांगलं काम केलं.

संध्याकाळी एस्लिन माझ्या दारात आली. आत आली नाही.

"तू का सांगितलंस?"

"तिला कळायला हवं होतं. तुझी चूक नव्हती हे कळायला हवं होतं."

"ती माझ्यावर रागावली होती," एस्लिन म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "वीस वर्षं रागावली होती. एवढा राग परक्या बाईवर कुणी धरत नाही, डॉर्कस. तिच्याजवळ माझं तेवढं तरी होतं. आता तिला नुसती माझी दया येईल."

तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच.

त्यानंतर टमिकाचा फोन दर रविवारी, चर्च सुटल्यावर, वेळेवर यायला लागला. पार्सलं येऊ लागली. जीवनसत्त्वाच्या गोळ्या, पायांसाठी मऊ चपला, एक लोकरीची शाल, जी इथे कुणी कधीही अंगावर घेऊ शकणार नाही. तब्येतीची चौकशी, हवेची चौकशी. पुढच्या वर्षी तिने विमानाचं तिकीट पाठवलं. महिन्याभरासाठी या.

एस्लिन गेली. अकराव्या दिवशी परत आली.

मला वाटलं भांडण झालं. मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. फार चांगली वागली. वेगळी खोली दिली, नवीन चादरी, टेबलावर फुलं. मला भात आवडतो म्हणून रोज भात. सुट्टी काढून सगळीकडे फिरवलं."

"मग?"

ती बुटांची नाडी सोडत होती. "खोलीत यायच्या आधी दार वाजवायची. मी आत येऊ का, मिस एस्लिन? रोज सकाळी. मी म्हणायचे, ये गं. तरी दुसऱ्या दिवशी परत वाजवायची." नाडी सुटली, तरी ती वाकलेलीच राहिली. "इंग्लंडात रीतच असेल तशी."

मी सांगितलं ते बरं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पाद्र्याला विचारलं तर तो म्हणाला, सत्य मुक्त करतं. त्याला मुलंबाळं नाहीत. टमिकाने गेल्या वर्षी लग्न केलं, फोटो पाठवले. त्यात पहिल्या रांगेत बेरिल आहे, निळ्या टोपीत. एस्लिनलाही आमंत्रण होतं. तिने छान भेट पाठवली आणि कळवलं की रजा मिळत नाही. रजा तिने मागितलीच नव्हती. मला ते ठाऊक आहे, कारण आश्रमाची मेट्रन माझी भाची आहे.

एस्लिनचं वय आता छप्पन्न. साखर वाढलीय, डाव्या डोळ्याने कमी दिसतं, तरी कामावर जाते. माझे गुडघे गेलेत. आणखी चार-पाच वर्षांनी मी त्याच आश्रमात जाणार आणि तीच मला उचलणार, हे आमचं ठरलेलं आहे. गेल्या आठवड्यात तिच्या भावाचा फोन होता. न्यू अ‍ॅमस्टरडॅमचं घर रिकामं आहे, तो मुलाकडे कॅनडाला चाललाय. ताई, आता तरी परत ये, म्हणत होता. तिकडे आता दिवस पालटलेत, तेल सापडलंय, लोक परत चाललेत.

"जाणार का?" मी विचारलं.

"तिथे कोण आहे माझं?"

"इथे तरी कोण आहे?"

ती कंद सोलत होती. सोललेला कंद पाण्यात टाकला, दुसरा घेतला. "तुझ्या पायांना तेल कोण लावणार? ती तुझी भाची? तिचे हात माझ्याहून थंड आहेत," ती म्हणाली, आणि मला पाण्याचं पातेलं जवळ सरकवायला सांगितलं.